नूरुद्दीन सारंगाची हजेरी

सोळाशे शहाण्णव साल. इंग्लंडच्या सरकारने खलाशांसाठी नोंदवही उघडली. आपखुशीने नाव नोंदवा. दरसाल मानधन मिळेल, म्हातारपणी नदीकाठच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळेल. तीस हजार नावं हवी होती. चौदा-पंधरा वर्षांत कायदाच गुंडाळावा लागला.

–

तपकिरी बॅग. वर चिठ्ठी: बाणकोट, हाशम. चेन चालते.

–

सोमवारी मांजराने बांगडा पळवला.

–

वैद्यकीय नोंदी विभाग, पद एक. एक जानेवारीपासून सौदी उमेदवारासाठी.

–

डावा हात. करंगळी अर्धी. पडद्याची दोरी, पलंगाचा कठडा, तीन सेकंद.

–

कपाटाला कुलूप होतं. किल्ली खिळ्यावर होती. आत काही नव्हतं.

१

गाठ पहिल्यांदा दिसली ती हेमलता सिस्टरला.

अल-खोबरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात नऊ नंबरच्या पलंगावर तीन आठवडे एक माणूस पडून होता. साठीच्या आसपासचा. समुद्राकाठच्या बाकाखाली सापडलेला. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. खिशात इकामा म्हणजे राहण्याचा परवाना नाही, पासपोर्ट नाही, मोबाइल नाही.

"अहिल्याताई, वर या," हेमलता फोनवर म्हणाली. "तुमच्या नऊ नंबरने जादू केलीय."

अहिल्या तळमजल्यावर वैद्यकीय नोंदी सांभाळायची. चौदा वर्षांत तिच्या हातून एकही फाइल बिननावाची कपाटात गेली नव्हती. नऊ नंबरची फाइल रोज सकाळी तिच्या टेबलावर असायची आणि रोज संध्याकाळी तिच्याकडे बघत राहायची.

"एका हाताने मारलीन ही गाठ, डाव्या," हेमलता म्हणाली. "ओढा. सरकते का? नाही. आता मी सोडते. बघा, एका झटक्यात सुटली. माझे आजोबा अलिबागला होडी अशीच बांधायचे."

"म्हणजे कोळी?"

"कोळी नाहीतर खलाशी. पाण्यावरचा माणूस आहे, आणि आपल्याकडचा आहे."

"ते कशावरून?"

"सकाळी मी ह्याला सूप भरवत होते. कुणाला कळतंय म्हणून मराठीतच बडबडले, की सूप कसलं पिताय, मऊ भाताची पेज पाहिजे होती. तर मान वळवली आणि रडायला लागला, ताई. घळाघळा."

दोन हजार तेराच्या ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. ज्यांचे कागद नियमात बसत नव्हते, त्यांना तीन नोव्हेंबरपर्यंत दंडाशिवाय, तुरुंगाशिवाय मायदेशी जाता येणार होतं. खोबरमधली शेवटची यादी भारतीय स्वयंसेवक गुरुवारी दुपारी चारला बंद करणार होते. यादीत नाव लागत होतं, गाव लागत होतं, ओळख पटवणारं घरचं कुणीतरी लागत होतं. नऊ नंबरकडे यातलं काहीच नव्हतं. चार वाजून गेले की हा माणूस कुठल्या गावाचा नाही आणि कुठल्या कफीलचाही, म्हणजे नोकरीला ठेवणाऱ्या सौदी मालकाचाही, नाही.

"दम्मामला नूरुद्दीन सारंग आहे," हेमलता म्हणाली. "त्याच्या हजेरीत असेल."

नूरुद्दीन एकेकाळी जहाजावर सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुखिया. आता बंदराजवळ जहाजांना दोर, साबण, तांदूळ पुरवणाऱ्या दुकानात बसायचा. तिथे त्याची एक वही होती. त्या किनाऱ्याला पाय लावलेल्या प्रत्येक कोकणी खलाशाची नोंद तिच्यात होती: नाव, गाव, आईचं नाव, अंगावरची खूण, आणि काही झालं तर कुणाला कळवायचं. सरकारकडे खलाशाची नोंद असते, पण ती त्याच्या हातातल्या ओळखपुस्तकाच्या जोरावर. पुस्तक हरवलं की माणूस हरवला. नूरुद्दीनच्या वहीत माणूस अंगावरच्या खुणेवरूनही सापडायचा. तीस वर्षं, चारशे अकरा नावं. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अहिल्याने हे ऐकलं आणि त्या माणसाला न पाहताच तिला त्याच्याबद्दल आदर वाटला. नोंदी ठेवणाऱ्याला नोंदी ठेवणारा कळतो.

मंगळवारी तिने फोन केला. नूरुद्दीनच्या भाच्याने, शारीकने उचलला. "उद्या या मॅडम, मामू असतील," म्हणाला.

बुधवारी ती पोहोचली, तेव्हा शारीक दारातच उभा होता.

"हजेरी काल चोरीला गेली," तो म्हणाला.

२

(हे त्याच्या अर्धा तास आधीचं, गाडीतलं.)

अहिल्याचा नवरा उमाकांत पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर. फावल्या वेळात इतिहास वाचायचा आणि वाचलेलं गाडी चालवताना ऐकवायचा, कारण गाडीतून कुणाला उठून जाता येत नाही.

"तीस हजार पाहिजे होते," तो म्हणाला. "बरेच फिरकलेच नाहीत."

"फुकटची खाट सोडून?"

"खलाशांना संशय होता, अगं. आज भल्यासाठी नाव लिहून घेतील, उद्या लढाई लागली की त्याच यादीवरून उचलून आरमारात घालतील. यादी बनवणारा चांगला असेलही. ती पुढे कुणाच्या हातात पडेल, ते कोण सांगणार?"

"हं. पुढचा सिग्नल लाल आहे."

३

दुकानात दोराचा वास होता. भिंतीला लागून चार-पाच बॅगा ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर गावाची चिठ्ठी: म्हसळा, हर्णै, दाभोळ, बाणकोट. घरी निघालेली माणसं बॅगा इथे आणून ठेवत होती.

नूरुद्दीन पांढऱ्या दाढीचा, रुंद खांद्यांचा. त्याने अहिल्याला खुर्ची दिली, उमाकांतला दोराचं वेटोळं दिलं.

"काल दुपारच्या नमाजाला दुकान बंद केलं," तो म्हणाला. "आलो तर कपाट रिकामं. बसा. चहा टाकतो."

तीस वर्षांची वही गेलेला माणूस चहा टाकायला गेला.

तांदळाच्या पोत्यावर एक गुळगुळीत दाढीचा इसम बसला होता. सिराजुद्दीन, लोकांचे कागद करून देणारा. "किती वेळा सांगितलं चाचांना," तो आपणहून बोलू लागला, "वही माझ्याकडे द्या म्हणून. ऑफिसात एकगठ्ठा नावं देतो, सगळ्यांचं कल्याण. आता बसा!"

टेबलावर दुसरी एक वही उघडी होती. अहिल्याला उघडी वही दिसली की डोळा जायचाच. ती नूरुद्दीनची रोजनिशी होती, जहाजावर लिहितात तशी. जहाज सुटून सतरा वर्षं झाली होती, लिहिणं सुटलं नव्हतं. चहा उकळेपर्यंत तिने पाच-सहा महिने मागे चाळलं. वारा, हवा, आलेली बोट, फुटलेला दिवा. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ आणि बाजूला सही. खाडाखोड नाही, फाडलेलं पान नाही. मग ताजं पान:

शनि. वारा वायव्य. शिवण.

रवि. वारा वायव्य, धूळ. कपाचा कान तुटला. शिवण.

सोम. वारा तोच. मांजराने बांगडा पळवला. शिवण. सुई मोडली.

मंगळ. वारा पडला. हवा स्वच्छ. सर्व ठीक.

"साखर किती?" नूरुद्दीनने आतून विचारलं.

४

शारीक, दुकानाबाहेर:

"किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे, बरोबर. आणि मला त्या वहीचा कंटाळा आहे, तेही बरोबर. दर संध्याकाळी मामू बसवतात. लिही, याची आई अमुक, त्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग. मॅडम, दुकानात आता नियमाप्रमाणे सौदी माणूस ठेवायचा आहे, माझंच काय होणार ते मला ठाऊक नाही. पण चोरून मी करू काय तिचं? वाचू?"

सिराजुद्दीन, पोत्यावरून न उठता:

"मला चोरायची असती तर रोज येऊन मागितली असती का?"

"मागून मिळाली नाही म्हणूनच विचारतेय."

"तुम्ही दवाखान्यातल्या ना? मग दवाखान्यातलं बघा."

"वही मिळाली असती तर पहिलं नाव कुठल्या ऑफिसात दिलं असतंत?"

तो हसला. कुठल्या ऑफिसात, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हाशम, टगबोटीवरचा खानसामा, बाणकोटची बॅग न्यायला आलेला:

"मी? मी चाचांना दोनदा म्हणालो, माझं नाव खोडा. कुठल्याही बंदरात लपलो तरी मेहुणा ह्यांना फोन करून मला शोधून काढतो! चाचा म्हणाले, लिहिलेलं पुसत नाही. आता आजच्या विमानाने मीच घरी चाललोय, मेहुण्याचं काम संपलं."

"बॅग इथे कशाला ठेवली होती?"

"चाचांनीच मागून घेतली. म्हणे अस्तर शिवून देतो. मी म्हटलं, फाटलेलं नाही. तर म्हणतात, फाटणार होतं." त्याने बॅग खांद्याला मारली. "म्हातारपण, दुसरं काय. यल्ला, येतो."

परतताना उमाकांत म्हणाला, "काय इन्स्पेक्टरीणबाई, कोण?"

"तिघांकडेही कारण आहे," अहिल्या म्हणाली. "आणि तिघांपैकी एकालाही ती वही गेल्याचं नवल वाटलं नाही. चौथ्याला तर दुःखही झालं नाही."

"चौथा कोण?"

तिला अजून ते मांडता येत नव्हतं. गुरुवारचे चार वाजायला बावीस तास उरले होते.

५

गुरुवार, सकाळी आठ. अरीज आली, अबाया सावरत, हातात दोन कॉफी. तेवीस वर्षांची, दम्मामची. जानेवारीत अहिल्याची खुर्ची तिची होणार होती. पहिल्या दिवशी अहिल्याने ठरवलं होतं की शिकवायचं तर सगळं शिकवायचं, हातचं राखून काही नाही. आणि पोरगी अशी निघाली की राखून ठेवलं असतं तरी तिने काढून घेतलं असतं.

"नऊ नंबर?" अरीजने इंग्रजीत विचारलं.

अहिल्याने सगळं सांगितलं. वही, कपाट, तिघंजण, चहा.

अरीजने कॉफीचं झाकण काढलं. "फाइल हरवली तर पहिलं काम काय, हे तूच मला शिकवलंस. शोधायचं नाही. आधी लिहायचं. हरवली, किती वाजता, कुणाच्या लक्षात आलं. मग शोधायचं." ती थांबली. "तुझा कॅप्टन लिहितो ना रोज? मग त्याने काय लिहिलंय?"

अहिल्याच्या हातातला कप तसाच राहिला.

वारा पडला. हवा स्वच्छ. सर्व ठीक.

"अरीज," ती उठत म्हणाली, "आज हा विभाग तुझा."

"जानेवारीत ना?"

"आजपासून."

६

साडेअकराला दुकानात नूरुद्दीन एकटा होता. अहिल्याने त्याला विचारून रोजनिशी उघडली आणि मंगळवारवर बोट ठेवलं.

"चाचा, सोमवारी मांजराने बांगडा पळवला, ते इथे आहे. रविवारी कपाचा कान तुटला, तो आहे. मंगळवारी तीस वर्षांची हजेरी चोरीला गेली, ती कुठे आहे?"

नूरुद्दीनने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"चोरी झालीच नाही. ज्याला त्याला तुम्ही तोंडाने सांगितलंत. पण संध्याकाळी इथे लिहायला बसलात आणि हात चालला नाही. चोरी झाली असं लिहिणं खोटं, म्हणून 'सर्व ठीक' लिहिलंत. कारण खरोखरच सर्व ठीक होतं."

"पुढे?"

"पुढे शिवण. शनिवारी, रविवारी, सोमवारी. त्याआधीचे पाच-सहा महिने मी चाळले, त्यात सुईचं नाव नाही. मग तीन दिवसांत एवढं काय शिवलंत की सुई मोडली? हाशमच्या बॅगेचं अस्तर फाटलेलं नव्हतं. तुम्ही वहीची शिवण उसवली. एकेका गावाची पानं वेगळी केली आणि त्या त्या गावी निघालेल्या माणसाच्या बॅगेत शिवून टाकली. म्हसळ्याची म्हसळ्याला, हर्णैची हर्णैला. त्या माणसांनाही सांगितलं नाही, म्हणजे वाटेत कुणी विचारलं तरी त्यांना काही माहीतच नाही."

दारात उभ्या उमाकांतने हळूच टाळी वाजवायला हात उचलले आणि बायकोचा चेहरा बघून खाली घेतले.

"आणि कशासाठी, तेही सांगते. त्या वहीतले कितीतरी आज कफीलकडून पळालेले आहेत. कुणाला कुठल्या खुणेवरून ओळखायचं, ते तुमच्या अक्षरात लिहिलेलं. सिराजुद्दीन रोज येऊन मागत होता. भल्यासाठी लिहिलेल्या यादीची धरपकडीची यादी व्हायला किती वेळ लागतो?"

"एक दुपार," नूरुद्दीन म्हणाला. "त्याला नाही म्हटलं तर तो दुसऱ्यांना घेऊन आला असता. चोरीला गेली म्हटलं की विषय खलास." मग तो बारीक हसला. "कुठल्या जहाजावर होतात, बाई?"

"तळमजल्यावर. चौदा वर्षं."

"काल तुम्हाला सांगणार होतो. पण तो पोत्यावर बसलेला, आणि तुमच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड. मला कळेना, तुम्ही माणसासाठी आलात की यादीसाठी."

"एका माणसासाठी. डाव्या हाताची करंगळी अर्धी, वय साठ. बोलता येत नाही. चार वाजेपर्यंत नाव हवंय."

नूरुद्दीनने डोळे मिटले. ओठ हलले. चारशे अकरा माणसं तो डोळ्यांपुढून नेत होता. शेवटी त्याने नाही म्हणून मान हलवली.

"करंगळ्या फार जातात दोरात," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात राहत असतं तर मी लिहिलं कशाला असतं? आठ बॅगा होत्या. पाच गेल्या. तीन इथे आहेत."

त्याने कात्री काढली.

७

बारा वीस. म्हसळा, हर्णै, दाभोळ, तिन्ही अस्तरं उसवली. दोन करंगळ्या. एक उजवी. एक डावी, पण माणूस सत्तावीस वर्षांचा.

बारा पन्नास. श्रीवर्धनचा माणूस फोन उचलेना.

एक पाच. जयगडच्या माणसाने उचलला आणि पहिली दहा मिनिटं नूरुद्दीनला शिव्या घातल्या, की माझी नवी बॅग का फाडायला सांगता. मग फाडली. करंगळी नाही.

एक चाळीस. श्रीवर्धनने उचलला. नाही. दिवेआगर. नाही. राजापूर. बॅग पुढे टेम्पोतून गेली, संध्याकाळी पोहोचेल.

दोन पंचवीस. हाशम माणगावच्या एसटी स्टँडवर होता. मागे कंडक्टर ओरडत होता.

"चाचा? मी पोचलो नाही अजून. मेहुण्याने फोन केला वाटतं?"

"बॅगेचं अस्तर फाड."

"काय?"

"मी शिवलंय, मीच सांगतोय. फाड."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. कुणाकडून तरी चाकू मागितल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कापड फाटत राहिलं. अहिल्या, उमाकांत, नूरुद्दीन, तिघंही एकाच फोनवर वाकले होते.

"अरे चाचा!" हाशम म्हणाला. "अख्खं बाणकोट माझ्या खांद्यावर दिलंत!"

"करंगळी बघ. डावी, अर्धी."

पानं उलटली. एकदा हाशम हसला: "हे माझं. खोडलं नाही म्हणजे नाहीच." पुन्हा पानं. मग तो सावकाश वाचू लागला, जसं शाळेत उभं करून वाचायला लावतात:

"ताजुद्दीन. आई जैनब. डाव्या हाताची करंगळी अर्धी, दोरात अडकून. गाठ एका हाताने मारतो. कळवायचं कुणाला: मुलगी, मेहेक." खाली नंबर होता. तोही त्याने दोनदा वाचला. "चाचा, हा माणूस मला माहीत आहे. आमच्या गल्लीतला. तीन वर्षं त्याचा पत्ता नाही. मेला म्हणतात सगळे."

"मेला नाही," अहिल्या म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"हॉस्पिटलमधून. तुमची गाडी सुटेल, जा. आणि ती पानं जपा."

"जपतो की. आता तर मेहुण्यालाही दाखवतो."

८

हेमलताने फोन नऊ नंबरच्या कानाशी धरला. पलीकडून एक बाई सारखं एकच म्हणत होती, "अब्बा, मी मेहेक." त्याच्या तोंडून शब्द आला नाही. पण डाव्या हाताने त्याने हेमलताचं मनगट धरलं, आणि ती पुढे सांगायची, की अशी पकड अजून तिने पाहिली नाही, मनगट दोन दिवस दुखत होतं.

तीन चाळीसला अरीजने फॉर्म भरून पाठवला. नावाच्या रकान्यात ताजुद्दीन, गावाच्या रकान्यात बाणकोट. तिने ते आधी अहिल्याला दाखवलं नाही. थेट पाठवलं, आणि पाठवल्याची वेळ रजिस्टरात लिहिली. अहिल्याने ती ओळ पाहिली आणि तिला वाटलं, ही खुर्ची बरोबर माणसाकडे चालली आहे. थोडं दुखलं, पण वाटलं हेच.

शनिवारी ताजुद्दीन व्हीलचेअरवरून विमानात चढला.

सिराजुद्दीन नंतर एकदा दुकानात आला. नूरुद्दीनने त्याला रिकामं कपाट उघडून दाखवलं आणि चहा दिला.

"चाचा, आता नव्या माणसांचं काय?" त्या गुरुवारी निघताना अहिल्याने विचारलं होतं. "वही तर कोकणात वाटली गेली."

"शारीक," नूरुद्दीनने हाक मारली होती. "बस. लिही."

शारीकने कपाळाला हात लावला, आणि बसला.

१९८२ च्या फेब्रुवारीत नूरुद्दीनचा धाकटा भाऊ दम्मामच्या बंदरात बोटीवरून पडून बुडाला. नूरुद्दीनला ते अकरा महिन्यांनी कळलं. भाऊ बुडाला त्या दिवशी नूरुद्दीनचं जहाज त्याच बंदरात, दोन धक्के पलीकडे उभं होतं.